फळीवर एक पाय

शिवपुत्र: ...म्हणून म्हणतो अक्का, ह्या खेपेला मी काय जात न्हाई. चादरीचं गठ्ठं दुसरा कुणीतरी घेऊन जाईल.

काशम्मा: बरं झालं. देवानंच बुद्धी दिली तुला. चहा घे, निवतोय.

अंबव्वा: असं कसं मामा? तुम्हीच येऊन सांगितलंत ना, अंबव्वा तयारी कर, कारखान्यानं वादळातल्या लोकांना दिलेल्या चादरी पुन्हा बेटावर निघाल्यात, लाँचमध्ये तुला आणि पोरीला जागा करतो म्हणून. मी तिची दुपटी धुऊन, वाळवून, बांधून ठेवलीत.

काशम्मा: बांधलेलं सोडता येतं. गाठ काय लोखंडाची हाय?

अंबव्वा: अम्मा, तू विड्या वळ. मामा, का नाही जात?

शिवपुत्र: कंबर धरलीय.

अंबव्वा: सकाळी तर सुताचं पोतं खांद्यावर घेऊन निघाला होतात. मी बघितलं.

शिवपुत्र: त्यानंच धरली असंल.

काशम्मा: अगं त्याला जायचं न्हाई तर न्हाई. तुझ्यासाठी त्यानं जीव द्यायचा का? आत्ता कुटं मान धरायला लागलीय पोरगी. आणि हिला न्यायची कुटं, तर समुद्र घरात शिरून माणसं घेऊन गेला तितं. मी रोज देवाच्या फोटोपुढं उदबत्ती लावते, तू दसऱ्यालाच बाळंतपणाला हिकडं आलीस म्हणून. तितं असतीस तर आज मी कुणाला बोलत बसले असते?

अंबव्वा: तेच किती वेळा सांगशील?

काशम्मा: मरंपर्यंत. आणि ह्यो आणखी एक बोल ऐकून ठेव. पोरगी झाली, निरोप गेला, त्याला पोचला. वादळातनं त्यो वाचला, देवाची कृपा. पण हात हायत, पाय हायत, गाडी चालू हाय. मग लेकीचं तोंड बघायला बाप का आला न्हाई?

अंबव्वा: आई गेली, वडील गेले, धाकटा भाऊ गेला. घर गेलं. तिथलं आवरत असतील.

काशम्मा: आवरायला काय ऱ्हायलंय तितं? मला विचारशील तर मी सांगते. वादळ झालं त्याच आठवड्यात ही जन्माला आली. कुणीतरी म्हणालं असंल, पोरगी आली आणि घर बुडालं. बसलं असंल त्याच्या डोक्यात.

अंबव्वा: ते तसे नाहीत.

काशम्मा: कसा हाय ते आता तुला तरी काय म्हाईत? एका रात्रीत सगळं गेल्यावर माणूस तोच ऱ्हातो व्हय?

अंबव्वा: ह्याच गल्लीत राहून माग चालवायचे ते. तूच पसंत केलंस त्यांना. तुला अत्ता म्हणायचे, त्यांच्या तेलुगूत सासूबाई. म्हणायचीस, ह्या वीरय्याचं हसणं मागाच्या खडखडाटातून ऐकू येतं. वडील आजारी पडले म्हणून मला घेऊन बेटावर गेले, नाहीतर अजून इथंच असते.

काशम्मा: त्योच हसणारा म्हणते मी. आला का?

शिवपुत्र: अक्का, पुरं करा आता.

काशम्मा: तुला काय झालं? चहा का घेत न्हाईस?

शिवपुत्र: गरम हाय.

काशम्मा: निवलाय कधीचा.

अंबव्वा: मामा, तिकडून आल्यापासून तुम्ही चिन्नीला एकदाही मांडीवर घेतलं नाही. आधी कामावरनं सुटलं की पहिलं तिला घ्यायचात. मी विचारलं, ते भेटले का, तर म्हणालात, बेटाच्या दुसऱ्या टोकाला झोपड्या बांधायला गेलाय, गाठ पडली नाही. आता माझ्याकडे बघून तेच परत सांगा.

शिवपुत्र: आधी मला पाण्याचं सांगू दे. मग तुमी काय ते ठरवा.

काशम्मा: सांग की.

शिवपुत्र: आपल्याकडं पाणी म्हंजे काय अक्का? हंडाभर. आलं नळाला तर आलं. आमच्या अक्कलकोटाकडं तर विहिरीत वाकून बघायचं, खाली चमकतंय का. तितं लाँच नदीतनं निघाली तवर मी मजेत हुतो. बिडी पेटवली. मग दोन्ही काठ लांब लांब जायला लागलं आणि एकदम संपलंच. जिकडं बघावं तिकडं पाणी. आणि ते गप्प बसत न्हाई. खालनं ढकलतंय. लाँच वर जाती, पोट खाली ऱ्हातंय. मधीच इंजिन बंद पडलं. लाँचवाला आत वाकून काहीतरी ठोकतोय आणि आमी नुसतं हलतोय, हिकडं, तिकडं. मी चादरीच्या गठ्ठ्यावर पालथा पडलो, दोन्ही हातानं दोरी धरली. घरातल्या एकेकाचं नाव घेतलं. ह्या कानातनं ते ठोकणं अजून गेलं न्हाई. म्हणून म्हटलं, कंबर धरलीय.

काशम्मा: मग सरळ सांगायचं, भ्यालो म्हणून. तुला कोण हसणार हाय हितं?

अंबव्वा: मामा, ते भेटले का?

शिवपुत्र: भेटला.

काशम्मा: अय्यो.

शिवपुत्र: मी शब्द दिला हुता त्याला. सांगणार न्हाई म्हणून.

अंबव्वा: सांगा.

शिवपुत्र: लाँच धक्क्याला लागली तवा एक माणूस काठावर उभा हुता. तोंडावर, हातावर, सगळीकडं काट्याचं वण. मी वळखलं न्हाई. त्यानंच हाक मारली, शिवपुत्र अण्णा म्हणून. बाभळीच्या जाळीत अडकला म्हणून वाचला तो. बाकीचं पुढं वाहून गेलं. त्याच्या काखेत बोचकं. म्हणाला, अण्णा, आज मी तुमच्यासंगट सोलापूरला येतो. पोरीला बघायचंय. मला एवढं बरं वाटलं, म्हटलं चल. चादरी उतरवल्या, वाटल्या. परतायची वेळ झाली. लाँचवरनं काठावर फळी टाकलेली असती, तिच्यावरनं चढायचं. बाकीचं चढलं. त्यानं एक पाय फळीवर ठेवला आणि तितंच उभा ऱ्हायला.

अंबव्वा: मग?

शिवपुत्र: फळीखाली पाणी हलत हुतं. गुडघाभर बी नसंल. त्यो त्याच्याकडंच बघत हुता. मी वरनं हात दिला. त्यानं धरला. हात असा गार पडला हुता. दात वाजत हुतं त्याचं, मला वर ऐकू येत हुतं. मी म्हणतोय, वीरय्या, एकच पाऊल. ये. तर मटकन् खाली बसला फळीवर आणि धोतर ओलं झालं त्याचं. एवढा बाप्या माणूस, सगळ्यांपुढं.

काशम्मा: आमचा वीरय्या?

शिवपुत्र: कुणी हसलं न्हाई अक्का. दोघांनी उचलून मागं नेऊन बसवलं. लाँचवाला म्हणाला, नवीन न्हाई हे. लाँच आली की ह्यो बोचकं घेऊन येतो, आणि दर खेपेला असंच होतं. लाँच निघाली तवा काठावरनं वरडून म्हणाला, अंबव्वाला सांगू नका. कामात हाय म्हणा. धीर आला की मीच येईन.

अंबव्वा: ह्याला किती दिवस झाले मामा? आणि तुम्ही आत्ता सांगताय.

शिवपुत्र: काय तोंडानं सांगू? बाईला तिच्या नवऱ्याचं असलं सांगतात व्हय?

काशम्मा: पोरगी उठली बघ. दे तिला हिकडं.

अंबव्वा: असू दे, माझ्याकडेच असू दे. मामा, चादरी निघणार कधी?

काशम्मा: अंबव्वा.

अंबव्वा: ते येऊ शकत नाहीत. म्हणजे आम्हालाच गेलं पाहिजे. आता ह्यात विचारायचं काय राहिलं?

काशम्मा: तू जरा माझं ऐक. ज्यानं बघितलं त्यो घाबरतोय. त्याला म्हाईत हाय ते पाणी काय करतं. तू बघितलं न्हाईस, म्हणून तुला धीर सुचतोय.

अंबव्वा: मी घाबरत नाही असं तुला कुणी सांगितलं? वर पत्रा वाजला की मी चिन्नीला उचलून उठून बसते. तुला वाटतं दूध पाजायला उठले. झोपेत रोज त्या दाराखालनं पाणी आत येतं. आधी चूल विझते, मग पाळणा उचलला जातो. मला आमच्या घराची फरशी पाठ आहे अम्मा, कुठल्या कोपऱ्यात सासूबाईंची वळकटी असायची, कुठं दीर झोपायचा. डोळे मिटले की एकेक जण जागेवरनं उठून जातो. पण मी इथं घाबरते तेव्हा तू आहेस, शेजार आहे. त्यांच्याजवळ कोण आहे?

काशम्मा: आणि परत आलं तर? ते वादळ?

शिवपुत्र: त्याचे दिवस गेले म्हणतात आता. उन्हाळ्याच्या तोंडाला समुद्र जरा शांत असतो.

काशम्मा: कोण म्हणतं?

शिवपुत्र: लाँचवाला.

काशम्मा: त्याला त्या दिवशी कळलं हुतं?

शिवपुत्र: न्हाई. त्याचा सख्खा भाऊ गेला त्यात.

काशम्मा: तरी लाँच चालवतो?

शिवपुत्र: चालवतो की. दुसरं काय येतंय त्याला?

काशम्मा: आणि तितं जाऊन काय करणार तुमी? त्याला उचलून आणणार?

अंबव्वा: उचलून कसं आणणार? राहू. ते चढतील तेव्हा त्यांना घेऊन येऊ. नाही चढले तर तिथंच राहू.

काशम्मा: त्या बेटावर? ह्या तान्हीला घेऊन?

अंबव्वा: लोक राहतायत की. घरं उभी करतायत.

शिवपुत्र: करतायत, पण खरं सांगतो, सोपं न्हाई. विहिरी खारट झाल्यात, प्यायचं पाणी नावेनं येतं. शेतावर मीठ धरलंय पांढरं. झोपड्या नव्या हायत, ताडाच्या झावळ्याच्या. आणि संध्याकाळी वारा सुटला की सगळी माणसं दारात येऊन उभी ऱ्हातात, कुणी कुणाशी बोलत न्हाई. वारा पडंपर्यंत.

काशम्मा: ऐकलंस?

अंबव्वा: ऐकलं.

काशम्मा: आणि तरी जाणार.

अंबव्वा: अम्मा, तू नको म्हणालीस तर मी जाणार नाही. पण मग ही मोठी होऊन विचारेल, माझा बाप कुठंय, तर तू सांग तिला. पाण्याच्या पलीकडे उभा आहे म्हणावं.

काशम्मा: शिवपुत्रा.

शिवपुत्र: काय अक्का?

काशम्मा: गाडी कुटं बदलायची?

शिवपुत्र: वाडी जंक्शनला. तितनं सिकंदराबाद, मग बेजवाडा, विजयवाडा म्हणतात ते.

काशम्मा: आणि पुढं?

शिवपुत्र: बस. नदीच्या घाटापर्यंत. रस्ता उखडलाय, पण जाती. मग लाँच.

काशम्मा: वर छत हाय का?

शिवपुत्र: ताडपत्री हाय अर्ध्या लाँचवर.

काशम्मा: ती फळी किती रुंद हाय?

शिवपुत्र: एका वेळी एक पाऊल मावंल.

काशम्मा: आणि धरायला काय?

शिवपुत्र: बांबू. एक माणूस लाँचवरनं धरतो, एक काठावरनं. तो हातानं धरून जायचं.

काशम्मा: म्हंजे ही एका हातात पोरगी धरणार, एका हातात बांबू. आणि पाय घसरला तर काय सोडणार?

अंबव्वा: अम्मा...

काशम्मा: मी येते. पोरगी मी धरीन.

अंबव्वा: तू? तुला पुलावरनं जाताना चक्कर येते.

काशम्मा: येऊ दे. चक्कर आली तरी मी काय तिला खाली टाकणार न्हाई. आणि शिवपुत्रा, तू बी येणार. तुला वाट म्हाईत हाय.

शिवपुत्र: अक्का, मला पोहता येत न्हाई.

काशम्मा: मला तरी कुटं येतंय?

(फाल्गुन लागला होता. नदी समुद्राला मिळते तिथं, बेटाकडे निघालेल्या लाँचवर.)

काशम्मा: काठ कुटं गेला?

शिवपुत्र: मागं हाय.

काशम्मा: मागं बी न्हाई.

शिवपुत्र: मग पुढं येईल. अक्का, माझ्याशी बोलू नका. तोंड उघडलं की पोटातलं वर येतंय.

अंबव्वा: अम्मा, माझा पदर सोड, फाटेल.

काशम्मा: फाटू दे. दुसऱ्या हातात चिन्नी हाय, मग धरू काय? इंजिन का बारीक झालं? बंद पडलं का?

अंबव्वा: नाही. लाँचवाला म्हणतोय, वादळानं खाली वाळू आणून टाकलीय, जुनी वाट राहिली नाही. बघत बघत जावं लागतं.

काशम्मा: म्हंजे उथळ हाय. बरं हाय की.

अंबव्वा: रुतली तर भरती येईपर्यंत इथंच बसायचं.

काशम्मा: तेलुगू येतं म्हणून त्याचं सगळं मला सांगायलाच पायजे असं न्हाई.

शिवपुत्र: दिसलं. ते बघा, तिकडं. काळं दिसतंय ते बेट.

अंबव्वा: ताडाची झाडं कुठंयत? इथनं ताड दिसायचे, रांगच्या रांग.

शिवपुत्र: आडवी हायत. सगळी एकाच दिशेला. जवळ गेल्यावर दिसतील.

काशम्मा: एक उभं हाय की. त्याच्या शेंड्याला काय अडकलंय?

शिवपुत्र: तिकडं बघू नका अक्का.

काशम्मा: लुगडं हाय.

अंबव्वा: एवढ्या उंच कसं गेलं? मामा, पाणी तिथवर होतं?

काशम्मा: अंबव्वा, पोरीचं तोंड झाक.

अंबव्वा: तिला काय कळतंय अम्मा?

काशम्मा: तरी झाक.

शिवपुत्र: धक्का आला. सावकाश, कुणी उठू नका. दोर टाकू दे त्याला आधी.

अंबव्वा: ते कुठंयत? मामा, दिसतायत का?

शिवपुत्र: त्या माणसांच्या मागं बघ. बाभळीपाशी. काखेत बोचकं हाय तो.

अंबव्वा: हे ते?

काशम्मा: वाळून काटकी झालाय.

अंबव्वा: मी हाक मारते. अहो... इकडं. आम्ही आलोय. बघा, हिला आणलंय.

शिवपुत्र: बघितलं त्यानं. बोचकं खाली ठेवलं.

काशम्मा: पुढं येत न्हाई.

शिवपुत्र: येणार न्हाई अक्का. सांगितलंय मी तुमाला. चला, फळी टाकली. अंबव्वा, तू पुढं हो. तितनं बांबू त्या माणसानं धरलाय, हिकडनं मी धरतो. जा.

अंबव्वा: हो.

शिवपुत्र: जा की.

अंबव्वा: मामा, माझा पाय उचलत नाही.

शिवपुत्र: खाली बघू नको.

अंबव्वा: बघत नाही. तरी उचलत नाही. अम्मा, ह्याच पाण्यानं नेलं सगळ्यांना. हेच आहे ते.

काशम्मा: लाँचवाला काय वरडतोय?

अंबव्वा: ओहोटी लागलीय, लवकर उतरा म्हणतोय. नाहीतर परत घेऊन जाईन.

काशम्मा: त्याला म्हणावं, घेऊन जा आमाला. आमी काय इथं... न्हाई. थांब. सरक बाजूला.

अंबव्वा: अम्मा, तू नको. आधी तिला दे माझ्याकडे.

काशम्मा: सरक म्हणते ना. शिवपुत्रा, बांबू हलवू नको.

शिवपुत्र: मी न्हाई हलवत अक्का, लाँचच हलतीय. जपून. एकेक पाऊल. अस्संच. आणखी एक.

अंबव्वा: अम्मा, थांबू नको. चल.

काशम्मा: फळी वाकली.

शिवपुत्र: मधे वाकतीच ती. चला पुढं.

काशम्मा: मला पुढं जाता येत न्हाई. मागं बी येता येत न्हाई. शिवपुत्रा, माझं डोळं फिरतायत.

अंबव्वा: अम्मा, खाली बसू नको. चिन्नीला घट्ट धर. मामा, जा ना तुम्ही.

शिवपुत्र: मी बांबू सोडला तर त्या पडतील. आणि दोघांच्या वजनानं फळी मोडली तर?

काशम्मा: कुणी तरी पोरीला घ्या. मला काय झालं तर होऊ दे, पोरीला घ्या.

वीरय्या: अत्ता, हलू नका.

काशम्मा: कोण हाय?

वीरय्या: मी आहे. खाली बघू नका. माझा आवाज येतोय तिकडं बघा. तोंडाकडं बघा माझ्या.

काशम्मा: वीरय्या, तू...

वीरय्या: श्वास घ्या. मी पण घेतो. आणखी एकदा. फळीवर वजन नको म्हणून मी खालून आलोय. ह्या बाजूला वाका थोडं. बांबू सोडू नका.

काशम्मा: वीरय्या, पाण्यात उभा हायस तू. कमरेपर्यंत.

वीरय्या: माहीत आहे अत्ता. त्याबद्दल बोलू नका. द्या तिला. हळू द्या, माझे हात कापतायत.

काशम्मा: माझे बी कापतायत. धर.